इन्सुलिन घेतल्याने स्वादुपिंड 'आळशी' होतं का? नाही हो

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की एकदा इन्सुलिन सुरू केलं की स्वादुपिंड आळशी होतं आणि कायमचं बंद पडतं. मावशीने तो वाचून फ्रिजच्या दारातलं इन्सुलिनचं पेन चार दिवस हातातच घेतलं नाही, म्हणून लिहितोय.

गंमत म्हणजे प्रकार उलटा आहे. टाइप टू डायबेटिसमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी वर्षानुवर्षं ओव्हरटाइम करतात, त्यात रक्तातली जास्तीची साखर आणि चरबी त्यांनाच त्रास देते, मग काही मरतात आणि काही जिवंत असूनही इन्सुलिन बनवायचं काम सोडून देतात. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या डायबेटिसवरच्या मोठ्या अभ्यासात तर निदानाच्या वेळीच या पेशींची साधारण निम्मी ताकद गेलेली दिसली, तेव्हा इंजेक्शन कुठे होतं?

बाहेरून इन्सुलिन दिलं की पेशींना उलट जरा दम घेता येतो. चीनमध्ये नव्या पेशंटना सुरुवातीलाच दोनेक आठवडे इन्सुलिन दिलं, 2008 ला ते छापून आलं, जवळपास निम्मे वर्षभर औषधाशिवाय राहिले. जुन्या डायबेटिसमध्ये एवढं होईलच असं नाही, पण मेसेज वाचून डोस बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.