जर्मनीला मास्टर्सला निघालात? आधी परीक्षेचे नियम वाचा

"ताई, जर्मनीत फी नसते ना?" हा मेसेज मला इतक्या जणांकडून येतो की आज एकदाच सगळं लिहून टाकते. मी इथल्या एका सरकारी विद्यापीठात मेकॅनिकलमध्ये मास्टर्स केलं आणि आता इथेच नोकरी करते. जे लिहितेय ते स्वतः पाहिलेलं आहे आणि माझ्यासोबतच्या मुलामुलींनी भोगलेलं आहे.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरं. दर सेमिस्टरला ठरावीक वर्गणी तेवढी भरायची. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात 2017 पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024 च्या हिवाळी सेमिस्टरपासून आपल्यासारख्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000 युरो. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो भरावे लागतात. हे पैसे तुमचेच, पण हातात येतात महिन्याला 992. त्यातून खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा. म्युनिकमध्ये निम्म्याहून जास्त रक्कम नुसत्या भाड्यातच जाऊ शकते.

एवढी माहिती कुठलाही कन्सल्टंट देतो. पुढचं मात्र कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते मुलं अडकतात ती नेमकी तिथे.

इथे लेक्चरला हजेरी नसते. काही लॅब आणि सेमिनार सोडले तर तुम्ही वर्गात आलात की नाही, हे कुणी बघत नाही. इंटर्नल नाही, सबमिशनच्या सह्या नाहीत, घरी फोन जाणार नाही. बऱ्याच विषयांत सेमिस्टरच्या शेवटी एकच पेपर आणि त्यावरच सगळे मार्क. त्या पेपरलाही आपण होऊन नाव नोंदवावं लागतं. मुदत टळली तर अभ्यास कितीही झालेला असो, पेपरला बसता येत नाही.

आता याला पैशाचा ताण जोडून बघा. घरून लोन काढलेलं असतं, वडिलांचा हप्ता डोळ्यासमोर असतो. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे. म्हणून पहिल्याच महिन्यात गोदामात पार्सल लावायचं किंवा हॉटेलात भांडी घासायचं काम धरलं जातं. शिफ्ट रात्रीची आणि लेक्चर सकाळी. हजेरी नाहीच म्हटल्यावर आधी एक लेक्चर बुडतं, मग आठवडा. स्लाइड्स ऑनलाइन असतात, नंतर बघू असं वाटतं. ऑक्टोबर ते जानेवारी हे असंच चालतं. फेब्रुवारीत पेपर सुरू झाले की चार महिन्यांचा अभ्यास एकदम समोर उभा राहतो.

बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यांदा नापास झालात आणि तो विषय सक्तीचा असला, तर कोर्समधून नाव कमी होतं. एवढ्यावर थांबत नाही. तोच कोर्स जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात घ्यायलाही सहसा बंदी येते. रेसिडेन्स परमिट शिक्षणासाठीच दिलेलं असतं, त्यामुळे तेही धोक्यात येतं. चांगल्या कॉलेजातून डिस्टिंक्शन घेऊन आलेल्या मुलांना मी या तिसऱ्या प्रयत्नापुढे रात्र-रात्र जागताना पाहिलंय. त्यांची बुद्धी कमी नव्हती. हा नियम त्यांना दुसऱ्यांदा नापास झाल्यावर कळला, याचा मला आजही राग येतो. लाखो रुपये घेऊन फॉर्म भरून देणाऱ्यांनी एवढंही सांगू नये?

क्रेडिटचा हिशोबही आधी समजून घ्या. सेमिस्टरला 30 क्रेडिट धरलेले असतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. म्हणजे 5 क्रेडिटच्या विषयाला साधारण 125 ते 150 तास. त्यातले वर्गातले तास 45 ते 60, बाकीचे सगळे तुमचे तुम्ही बसायचे. विषयाच्या माहितीपुस्तिकेत हे तास छापलेले असतात, ती विद्यापीठाच्या साइटवर कुणालाही वाचता येते. टाइमटेबल बघून "आठवड्यात इतकेच तास?" म्हणून खूश होऊ नका.

ही व्यवस्था निर्दयी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. उलट तिच्यातली एक गोष्ट मला इतकी आवडली की आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती मिळावी असं मनापासून वाटतं. निकालानंतर एक दिवस ठरवून देतात, त्या दिवशी आपला तपासलेला पेपर समोर बसून बघता येतो. पेन बॅगेत, मोबाइल बंद. टेबलावर तुमचा पेपर, शेजारी उत्तरांचा नमुना आणि कुठल्या पायरीला किती मार्क याचा तक्ता. ज्यांनी पेपर तपासले ते असिस्टंट तिथेच हजर असतात.

आमच्या बॅचमधली सोलापूरची एक मुलगी थर्मोडायनॅमिक्सचा पेपर घेऊन बसली होती. एका प्रश्नाच्या पहिल्या पायरीत गणितासाठीच्या तक्त्यातून चुकीची किंमत घेतली गेली होती, त्यामुळे पुढची सगळी उत्तरं चुकलेली आणि सगळीकडे शून्य. तिने असिस्टंटला शांतपणे विचारलं, की ही किंमत धरली तर पुढची पद्धत बरोबर आहे ना? त्याने कॅल्क्युलेटर काढला, तिच्याच आकड्यांवरून एकेक ओळ करून पाहिली आणि पहिली पायरी सोडून बाकीचे मार्क परत दिले. चूक एकदाच धरायची, तिच्यापोटी पुढच्या बरोबर कामाची शिक्षा नको, असा इथे संकेत आहे. तिची ग्रेड 3.7 वरून 2.7 वर आली. (इथे 1.0 सगळ्यात वरची आणि 4.0 म्हणजे काठावर पास. आकडा जितका कमी तितकं चांगलं.)

त्या खोलीत कुणी उपकार केल्यासारखं बोलत नव्हतं, कुणी आवाज चढवत नव्हतं. वीस-बावीस वर्षांची मुलं आपल्या परीक्षकाशी मुद्द्यावर वाद घालत होती आणि परीक्षक ऐकून घेत होता. हजेरी न घेणारं विद्यापीठ आणि पेपर उघडून दाखवणारं विद्यापीठ ही एकाच विचाराची दोन टोकं आहेत. तुम्ही मोठे आहात हे ते दोन्हीकडे मानतात. त्रास होतो तो आपल्याला तशी सवय नसताना एकदम तिथे जाऊन पडल्यामुळे.

म्हणून जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिल्या सेमिस्टरचा खर्च कामातून निघेल असं धरून निघूच नका. तेवढे पैसे घरून जास्तीचे घ्या, नाहीतर एक वर्ष थांबून जमवा. पहिल्या फेब्रुवारीचे पेपर निघाले की मग कामाचं बघा. तेही शक्यतो विद्यापीठातल्या एखाद्या विभागात किंवा आपल्या विषयाच्या कंपनीत. पैसे मिळतात आणि पुढच्या नोकरीला तो अनुभव चालतो.

आईवडिलांनाही एक विनंती. फोनवर "जेवलास का"सोबत "पेपरला नाव नोंदवलंस का" हेही विचारा. मूल नापास झालं असेल तर ते तुम्हाला सांगू शकेल, एवढी जागा ठेवा. इथली कितीतरी मुलं दुसरा प्रयत्न हुकल्याचं घरी लपवतात आणि तिसऱ्याची तयारी एकट्याने करतात.

प्रवेशाचं पत्र आलं असेल तर कोर्सचे परीक्षा नियम साइटवरून उतरवून घ्या. बऱ्याचदा ते जर्मनमध्येच असतात, भाषांतर करून घ्या. किती प्रयत्न, नोंदणीची आणि माघारीची मुदत काय, आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला किती दिवसांत द्यायचा, एवढं तरी विमानात बसण्याआधी माहीत हवं. वाचताना कुठे अडलं तर मला इनबॉक्समध्ये ते पान पाठवा. उत्तर द्यायला उशीर होईल, पण देईन.