‘फौंड्रीतल्या लोकांना आकडे बघायची सवय नसते’ हे वाक्य मी मागे घेतेय

काका,

माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेत तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘एकतीस वर्षं फौंड्रीत’ एवढंच खाली लिहिलंय, म्हणून काका म्हणते. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, तुमच्या वयाच्या सगळ्यांना मी तेच म्हणते. उत्तराला चार दिवस लागले. तुमचं निम्मं म्हणणं मला पटलंय, आणि ते स्वतःशी कबूल करण्यातच हे दिवस गेले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. फौंड्री म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून भाग बनवणारा कारखाना. ज्युनिअर कन्सल्टंट म्हणून काढलेल्या पहिल्या दोन वर्षांवर मी लेख लिहिला होता. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या कारखान्यांतली पायपीट, रात्री जागून केलेली प्रेझेंटेशन्स, काय शिकायला मिळालं, असं सगळं. त्यात एक वाक्य होतं: ‘फौंड्रीतल्या लोकांना आकडे बघायची सवय नसते, ती आम्ही लावतो.’ त्यावर काका लिहितात की कालची पोरं हातात घड्याळ घेऊन येतात, आमच्याच माणसांना विचारतात, तेच इंग्रजीत लिहून मालकाला दाखवतात, लाखांची बिलं लावतात आणि शेवटी पाय येतो तो गरिबाच्या पोटावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात नांगर काढला तेव्हा कुठला कन्सल्टंट आणला होता, असंही त्यांनी विचारलंय.

आधी त्या वाक्याचं बोलू. ते चुकीचं होतं. मूळ लेखात ते खोडून ठेवलंय, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही दिसेल. माझे वडील वडगावात पॉवरलूमवर आहेत. कुठल्या मागावर किती वार उतरलं, कुठल्या दिवशी ताणा तुटून किती वेळ गेला, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. अशा घरातल्या मुलीनं ते वाक्य लिहायला नको होतं. लिहिलं, कारण दोन वर्षं एक्सेलमध्ये राहिलं की एक्सेलमध्ये नसलेले आकडे दिसेनासे होतात.

खरं तर आकडे कसे बघायचे हे मला साच्याची वाळू कालवणाऱ्या मिक्सरवरच्या एका माणसानं शिकवलं. ती हकिकत मूळ लेखात यायला हवी होती, पण मी ती टाळली. का टाळली ते पुढे येईलच.

फौंड्रीचं नाव सांगत नाही. कामाला लागून मला पाच महिने झाले होते. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, मशीनिंगला गेला की कातडीखाली ब्लो होल, म्हणजे वाफेनं पडलेली पोकळ भोकं, निघायची आणि माल गिऱ्हाईकाकडून परत यायचा. रिजेक्शन का वाढलंय ते शोधायचं काम आमच्याकडे आलं. अशा कामात ज्युनिअरच्या वाट्याला काय येतं, तर जुनी रजिस्टरं उतरवून काढणं. मी सहा आठवड्यांची रजिस्टरं घेतली. ती कन्नडमध्ये होती, अक्षर घाईचं, आणि माझं कन्नड शाळेतलं. त्यामुळे प्रत्येक पानाला कुणाला तरी विचारावं लागायचं.

मिक्सरवर जे होते त्यांना सगळे मामा म्हणायचे. बोलायचे कन्नड, मराठी समजायची. त्यांच्या पॅनेलच्या पत्र्यावर खडूच्या रेघा होत्या. एका बॅचला एक उभी रेघ, पाचवी आडवी, हे कुणालाही कळेल. पण काही रेघांच्या डोक्यावर ठिपका होता. तीन दिवस तो ठिपका बघून मी शेवटी विचारलं. त्यांनी मिक्सरमधून मूठभर वाळू काढली, दाबली, आणि मूठ उघडून माझ्यापुढे धरली. बोटांचे ठसे गोळ्यावर नीट उठले होते, पण गोळा मोडल्यावर कड स्वच्छ आली नाही, आणि तळहातावर ओल राहिली. ‘उसुकु हसी ऐत्री, अक्कार,’ ते म्हणाले. वाळू ओली आहे, ताई. ज्या बॅचची मूठ अशी निघाली तिच्यावर ठिपका.

पत्रा भरला की मामा तो पुसायचे. तेव्हापासून रोज पाळी सुटताना मी त्याचा फोटो घ्यायला लागले. दोन आठवड्यांचे फोटो रिजेक्शनच्या रजिस्टरशेजारी ठेवले तेव्हा दिसलं, की ठिपके आठवडी सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत गर्दी करतात, आणि ब्लो होलही त्याच पाळीच्या मालात. लॅबमध्ये पाळीला दोनदा नमुना जायचा. मामांची मूठ दर बॅचला बंद व्हायची.

कारणही मामांनीच सांगितलं. तुम्हाला ते माहीतच आहे, पण इतरांसाठी लिहिते. साच्याची वाळू, जिला ग्रीन सँड म्हणतात, म्हणजे वाळू, बेंटोनाईट नावाची चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि पाणी. शंभर किलोला साधारण तीन ते चार किलो पाणी. तीच वाळू पुन्हा पुन्हा फिरते. आठवड्याच्या मध्यावर ती ओतकामातून गरम होऊन परत येते, मिक्सरमध्ये पाणी पडलं की त्यातलं बरंच उडून जातं, म्हणून पाण्याचा टायमर त्या हिशेबानं थोडा जास्त लावलेला असतो. सुट्टीत वाळू गार होते. टायमर तोच. आता पाणी उडत नाही, सगळं वाळूतच राहतं. त्या साच्यात तेराशे-साडेतेराशे अंशांचं लोखंड पडलं की पाण्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते. बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती लोखंडातच बसते.

मामांना हे सगळं माहीत होतं. टायमरच्या पेटीला मात्र कुलूप होतं आणि किल्ली सुपरवायझरकडे. त्यांनी दोनदा सांगून बघितलं होतं, मग सोडून दिलं आणि ठिपके मारत राहिले.

आता माझी चूक. कारणं मांडायला आम्ही माशाच्या काट्यांसारखी एक आकृती काढतो. जपानच्या काओरू इशिकावांची पद्धत. प्रत्येक काट्याला एक नाव: मॅन, मशीन, मटेरियल, मेथड. रात्री साडेअकरा वाजता मी ‘पाण्याचं प्रमाण जास्त’ हे कारण ‘मॅन’च्या काट्यावर टाकलं. मिक्सरवर माणूस असतो, पाणी तिथे पडतं, म्हणून मॅन. एवढाच विचार केला. ते ‘मेथड’वर जायला हवं होतं, कारण पद्धत ठरवणारा टायमर होता आणि तो मामांच्या हातात नव्हता. आणि ठिपक्यांची कल्पना कुणाची, हे सव्वीस स्लाईडमध्ये कुठेच नव्हतं. तिथे लिहिलं होतं ‘आमच्या निरीक्षणानुसार’.

प्रेझेंटेशन झालं. मालक खूश झाले. चौथ्या दिवशी कळलं की मिक्सरच्या माणसाला मेमो मिळालाय, निष्काळजीपणाचा. ज्यानं रोग सांगितला त्यालाच शिक्षा झाली, आणि ती माझ्या आकृतीवरून झाली.

मी सीनिअरना सांगितलं. पुढच्या भेटीत बघू, असं ते म्हणाले. मी थांबले नाही. दुरुस्तीचं एक पान लिहिलं, त्यात मामांचं नाव, खडूच्या रेघांचा फोटो आणि टायमरची किल्ली कुणाकडे असते ते घातलं, आणि हे आजच जायला हवं असं धरून बसले. नोकरीच्या पाचव्या महिन्यात असा हट्ट करायला फार भीती वाटते, काका. पान गेलं. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीसाठी टायमरची वेगळी सेटिंग ठरली आणि त्या पाळीचं रिजेक्शन खाली आलं. मेमो मात्र फाइलमधून निघाला नाही. मी माफी मागायला गेले तेव्हा मामा मिक्सर साफ करत होते. मान हलवली, काम चालू ठेवलं. त्यानंतर मी विचारेन तेवढ्याचंच उत्तर द्यायचे. आपणहून मूठ उघडून दाखवली नाही.

म्हणून तुम्ही ‘आमच्याच माणसांना विचारून आम्हालाच सांगतात’ लिहिलंत ते मला झोंबलं. विचारण्याची मला लाज वाटत नाही. इंजिनिअरिंगला असताना व्हीटीयू या विद्यापीठाच्या फौंड्री लॅबमध्ये मी वाळूचा ओलावा दोन-तीनदा मोजला असेन, तुमच्या माणसांनी तो हजारो वेळा हातानं मोजलाय. त्यांना न विचारता जो रिपोर्ट लिहील त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. आम्ही चुकतो ते पुढे, लिहिताना. मिक्सरपासून मालकाच्या केबिनपर्यंत जाताना सांगणाऱ्याचं नाव गळतं आणि दोष तेवढा त्याच्या नावावर उरतो. ज्युनिअरचं काम मला विचाराल तर एवढंच आहे, की खालून आलेलं म्हणणं वर जाताना नावासकट आणि न वाकता पोचवणं. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. त्याऐवजी प्रेझेंटेशन्सबद्दल लिहिलं.

इंग्रजीचा मुद्दाही मान्य. आपल्या भागात तर तो जास्तच लागतो. माणूस कन्नडमध्ये सांगतो, मी वहीत मराठीत उतरवते, स्लाईड इंग्रजीत होते, मीटिंग हिंदी-मराठीत. कन्नडमध्ये ‘हसी’ म्हणजे ओलं आणि कच्चंही. मामा ‘हसी’ म्हणायचे तेव्हा वाळू अजून तयार झालेली नाही असंही त्यांना म्हणायचं असायचं. माझ्या स्लाईडवर फक्त ‘मॉइश्चर हाय’ उरलं. आता प्रत्येक कामाच्या शेवटी आम्ही एक पान कन्नड आणि मराठी दोन्हींत काढतो आणि शॉपच्या बोर्डावर लावतो. कन्नड भाग बैलहोंगलचा माझा सहकारी लिहितो. लावण्याआधी ते पान ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवतो. दोनदा त्यांनी चुका काढल्यात.

पैशांचं थोडक्यात सांगते. बिल दिवसांच्या हिशेबानं लागतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि त्यातून सीनिअरचा पगार, गाडी, ऑफिस जाऊन ज्युनिअरला जे मिळतं त्यात लाखाची गोष्ट नाही. पण तुम्हाला खरंच खर्च नको असेल तर एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या मंत्रालयाची लीन योजना बघा. २०२३ मध्ये ती नव्यानं आली. त्यात सल्लागाराच्या फीचा आणि अंमलबजावणीच्या मदतीचा ९० टक्के भार केंद्र सरकार उचलतं. आपल्याकडचे लहान फौंड्रीवाले उद्यम नोंदणी करतात ती कर्जासाठी, या योजनेबद्दल त्यांच्याशी कुणी बोलतच नाही.

पोटावर पाय. याला माझ्याकडे तुम्हाला आवडेल असं उत्तर नाही. घासकामाच्या खात्यात मी घड्याळ घेऊन पाच दिवस उभी होते. एक कास्टिंग घासायला किती वेळ, ग्राइंडरचा दगड बदलायला किती, माल येण्याची वाट बघण्यात किती. सगळ्यात जास्त वेळ वाट बघण्यात जात होता आणि मी तसंच लिहिलं. माल वेळेवर येईल अशी व्यवस्था करा, एवढाच त्याचा अर्थ होता. तिथे वाचला गेला तो, माणसं जास्त आहेत असा. कंत्राटी चौघं कमी झाले. त्यातला एक पिरनवाडीचा होता, पाचही दिवस मला बसायला स्टूल आणून द्यायचा. मी हे थांबवू शकले असते असं म्हणणार नाही, ज्युनिअरच्या हातात ते नसतं. पण आता घड्याळ काढण्याआधी मी मालकांना, सीनिअरच्या समोर, विचारते की या आकड्यांचं काय करणार आहात, आणि मिळालेलं उत्तर कामाच्या पहिल्या पानावर लिहून घेते. एका ठिकाणी त्यावरून वाद झाला आणि ते काम आम्हाला मिळालं नाही. सीनिअर माझ्या बाजूनं उभे राहिले, हेही सांगायला हवं.

किर्लोस्करांचं म्हणाल तर त्यांनी कन्सल्टंट आणला नव्हता हे बरोबर. पण ते स्वतः मुंबईत यंत्रांचं ड्रॉइंग शिकवून बेळगावात आले, सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, आणि लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. लोखंडानं जमीन विषारी होते असं लोक म्हणायचे. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. ड्रॉइंग येणारा माणूस आणि बैलामागे चालणारा माणूस यांच्यामधलं अंतर तेव्हाही होतं, आणि ते चालून जाण्याचं काम ड्रॉइंगवाल्यानं करायचं होतं. माझ्या बाजूनं मी एवढंच म्हणेन की तिसऱ्या गेटापासून उद्यमबागेपर्यंत मी रोज त्याच कामाला जाते. कधी जमतं. मामांच्या बाबतीत जमलं नाही.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक ओळ होती: ‘पावसाळ्यात आमची वाळू हाताळून बघा, मग लिहा.’ ती मी आमंत्रण म्हणून घेतेय. जूनमध्ये खानापूरकडून पाऊस चढायला लागला की येते. तोवर दोनच गोष्टी कळवा. कोरी वाळू तुमच्याकडे शेडमध्ये असते की उघड्यावर? आणि पावसात टायमर बदलायचा असला तर किल्ली कुणाकडे असते?