बाल्कनीतलं स्वातंत्र्य आणि लॉबीतला वॉचमन

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गेले काही महिने एकाच ठरावावरून भांडण पेटलंय. जिना, लॉबी, लिफ्ट आणि पार्किंगमध्ये सिगारेट ओढायला बंदी घालायची का, आणि घालायचीच तर घराच्या बाल्कन्याही त्यात घ्यायच्या का? फ्लॅट आईच्या आणि माझ्या नावावर आहे, मी सहयोगी सभासद आहे, त्यामुळे सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मला डब्लिनमध्ये वाचायला मिळतं. त्यात माझ्या शाळेपासूनच्या एका मित्राचं म्हणणं तपशीलवार नोंदवलंय. घर माझं, पैसे माझे, फुप्फुसं माझी. आज सिगारेट, उद्या माझ्या ताटात काय असावं तेही तुम्हीच ठरवाल. आधी कर्वे रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर थांबवा आणि मग माझ्याकडे या. यावर टाळ्या पडल्या म्हणे. मी फोन करून वाद घातला, तर तो म्हणाला, "तू तिकडे युरोपात बसून आम्हाला शहाणपण शिकवू नकोस."

मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

गाड्यांचा मुद्दा तर एका मिनिटात निकालात निघतो. गाडीला पीयूसी काढावं लागतं, मुदत संपली की दंड होतो, आणि ‘सायलेन्सर माझा, धूर माझा’ असं म्हणत कुणी कोर्टात जात नाही. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. आपल्याकडे हा वाद निघाला की तो ओढणारा आणि त्याला टोकणारा या दोघांतच अडकतो. एक स्वातंत्र्यवादी, दुसरा सोवळा, बाकीचे प्रेक्षक. त्या जागी जो कामाला असतो, ज्याला तिथून उठून जाता येत नाही, त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

आयर्लंडमध्ये हा वाद झाला तेव्हा मी इथे नव्हतो. पण तो कसा झाला हे इथल्या कुणालाही विचारा, सांगतील. २९ मार्च २००४ रोजी सगळ्या बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपान बंद झालं, पबसुद्धा त्यात आले. देशभर असा कायदा लावणारा हा जगातला पहिला देश. पुढे पंतप्रधान झालेले मीहॉल मार्टिन तेव्हा आरोग्यमंत्री होते. पबमालकांच्या संघटना तुटून पडल्या. धंदा बसेल, खेड्यापाड्यातले पब बंद पडतील, पिण्यासोबत ओढणं ही आमची संस्कृती आहे, सरकारनं घरात घुसू नये, हे सगळं म्हणून झालं. जुलैमध्ये गॉलवेच्या एका पबमालकानं उघडपणे कायदा मोडून गिऱ्हाइकांना आत ओढू दिलं, आणि काही दिवसांतच त्याला माघार घ्यावी लागली. पण सरकारनं वादाची जागाच बदलली होती. तुमच्या फुप्फुसांचं तुम्ही काय करता हा मुद्दाच नाही, असं सरकारचं म्हणणं. बारमागे आठ-आठ तास उभं राहून पाइंट भरणारी मुलगी ही कामगार आहे, आणि कारखान्यातल्या कामगाराला विषारी वायूपासून जे संरक्षण मिळतं तेच तिला मिळालं पाहिजे. कायदा आला तो कामाच्या जागेचा म्हणून. तो मोडला तर तीन हजार युरोंपर्यंत दंड, आणि तो ओढणाऱ्याबरोबर जागा चालवणाऱ्यालाही.

त्याचा परिणाम संशोधकांनी मोजला, आणि मोजला तोही गिऱ्हाइकांवर नाही. स्वतः न ओढणाऱ्या बार कर्मचाऱ्यांची लाळ बंदीआधी आणि बंदीनंतर तपासली. निकोटीन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं, त्याचं प्रमाण बघितलं. ते ८० टक्क्यांनी उतरलं होतं. सीमेपलीकडच्या उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बंदी नव्हती, तिथे उतरलं ते २० टक्क्यांनी. एकाही गिऱ्हाइकाला व्यसन सोडायला न लावता हे साधलं. ज्याला ओढायचं होतं तो दाराबाहेर जाऊन ओढत होता, आजही ओढतो. माझ्या मित्राचं स्वातंत्र्य इथे शाबूत आहे, फक्त ते छत्रीखाली आहे.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, की हे गोऱ्यांच्या देशात चालतं, आपल्याकडे नाही. यानं मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण आपण त्यांच्या आधी तिथे पोचलो होतो. मुंबई काँग्रेसचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले होते, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयानं रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, सरकारी कचेऱ्या, बस, रेल्वे इथलं धूम्रपान बंद करायचा आदेश दिला. त्याचं कारण घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, शोधलं. न ओढणाऱ्या माणसाला केवळ सार्वजनिक जागी जावं लागतं म्हणून त्यानं रोग का ओढवून घ्यावेत, असा न्यायालयाचा सवाल होता. केरळ उच्च न्यायालयानं तर १९९९ मध्येच अशी बंदी सांगितली होती. स्वातंत्र्याच्या मुद्द्याचं उत्तर आपल्याच न्यायालयांनी आयर्लंडच्या आधी देऊन ठेवलंय. पुढे २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक जागी बंदी आली, त्यात कामाच्या जागाही होत्या, आणि दंड ठरला जास्तीत जास्त दोनशे रुपये. कर्नाटकानं अलीकडे तो हजारावर नेला. इतक्या वर्षांत दोनशे रुपयांत काय काय यायचं बंद झालं ते पुण्यातल्या कुठल्याही गृहिणीला विचारा.

शिवाय त्या नियमांत एक खिंडार होतं. तीस किंवा त्याहून जास्त खुर्च्यांच्या हॉटेलला धूम्रपानाची वेगळी खोली ठेवायची मुभा. २०१७ मध्ये त्यात भर घातली की अशा खोलीत कुठलीही सेवा द्यायची नाही. कागदावर ठीक. पण त्या खोलीतली थोटकं कोण उचलतं? लादी कोण पुसतं?

माझा मामा नाशिक रोडच्या एका परमिट रूममध्ये गल्ल्यावर बसायचा. माळकरी माणूस. आयुष्यात कधी विडी ओठाला लावली नाही. रात्री उशिरा घरी आला की शर्ट आधी मोरीत काढायचा, तसाच घरात आणला तर मामी रागवायची. सुट्टीत त्याच्याकडे गेलो की सकाळी तो शर्ट बादलीत भिजवलेला दिसायचा आणि पाणी फिक्या चहासारखं पिवळट झालेलं असायचं. ते पाणी मी स्वतः बघितलंय. मामाच्या छातीत काय साचलं असेल हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. त्याच्या मालकानंही नाही, आणि गल्ल्यासमोर उभं राहून सुटे पैसे मोजणाऱ्या, तोंडात सिगारेट धरलेल्या स्वातंत्र्यवाद्यांनी तर नाहीच. मामाला नोकरी सोडायचं स्वातंत्र्य होतं असं कुणी म्हणेल. दोन मुलींची फी भरणाऱ्या माणसाला ते किती होतं, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं.

विद्यार्थी असताना मीही कॉर्कच्या एका पबमध्ये टेबलं पुसायचो. घरी येताना कपड्यांना तळणीच्या तेलाचा आणि सांडलेल्या बिअरचा वास असायचा. धुराचा नसायचा. माझ्यासाठी तो कायदा कुणीतरी मी यायच्या कितीतरी आधी भांडून करून ठेवला होता, आणि मामासाठी कुणी भांडलं नव्हतं. माझा सगळा वाद इथून येतो. तो युरोपच्या प्रेमातून येत नाही.

इतिवृत्तात आणखी एक युक्तिवाद आहे, तोही घेतो. आपल्याकडे ओढणारे आहेतच किती, मग त्यांच्यामागे का लागता? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि न जळणारी तंबाखू, म्हणजे मिश्री, खर्रा, मावा, गुटखा वगैरे वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपली खरी लढाई तोंडातल्या तंबाखूशी आहे, हे मला मान्य आहे. गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि गुटखा कुठे मिळतो ते टपरीवरच्या पोराला पाठ आहे. सुट्या सिगारेटी विकायला २०२० पासून राज्यात मनाई आहे, आणि त्या सगळीकडे सुट्याच विकल्या जातात. पण शंभरात चारजण ओढत असतील तर हिशेब उलटा करा. चौघांच्या सोयीसाठी शहाण्णव जणांनी श्वास रोखायचा? मिश्री लावणाऱ्या आजीमुळे शेजारणीच्या छातीत काही जात नाही. धुराचं तसं नाही.

आणि आपल्याकडे कायदा हलतो कधी? २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिल्सच्या आगीत चौदा माणसं गेली, हुक्क्याच्या निखाऱ्यांचा विषय पुढे आला, तेव्हा २०१८ मध्ये महाराष्ट्रानं हुक्का पार्लरं बंद केली. हळूहळू धुरानं जाणाऱ्यांसाठी अशी घाई होत नाही.

मित्राच्या त्या वाक्याकडे मात्र मला परत यावंच लागतं. तू तिकडे बसून. तो आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. त्याच्या बाल्कनीतला धूर आईच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत येतो. ती दोरी आत घेते, काही बोलत नाही. मागच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता तिच्या छातीत कळ आली, तेव्हा तिनं त्याचं दार वाजवलं. तो बर्मुडावरच गाडी काढून तिला हॉस्पिटलात घेऊन गेला, डिपॉझिट भरलं, पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिला, आणि सगळं ठीक आहे असं कळल्यावर मगच मला फोन केला. तोवर मी झोपलेलो होतो. आईच्या लेखी त्याची सिगारेट तिथेच माफ झाली. माझं इतिवृत्तांवरचं बोलणं ती ऐकून घेते आणि म्हणते, "तो आहे म्हणून तू तिथे निवांत आहेस." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

इथेही मी पुरता इथला नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीत मला मत आहे, संसदेच्या नाही. ते हवं असेल तर आयरिश नागरिक व्हावं लागेल आणि भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल, आणि तो अर्ज माझ्या हातून भरला जात नाही. शुक्रवारी ऑफिसातले सगळे पबमध्ये जातात. थोड्या वेळानं निम्मे बाहेर ओढायला उठतात आणि खऱ्या गप्पा तिथे रंगतात. कुणाचं कुणाशी जुळलं, कोण नोकरी सोडतंय, कुणाचे वडील आजारी आहेत. आत मी आणि खुर्च्यांवरचे कोट. कायदा माझ्या फुप्फुसांचं राखण करतो आणि मला त्या घोळक्याचा हेवा वाटतो. कारण मयूर कॉलनीच्या कट्ट्यावर, टपरीजवळ, मी न ओढता त्याच घोळक्यात उभा असायचो. हाच मित्र शेजारी असायचा. आयुष्यातल्या सगळ्यात मोकळ्या गप्पा मी त्याच्या धुरात मारल्या आहेत, आणि तो वास कुठे आला की आजही मला बरं वाटतं. हे खरं आहे, आणि तरी लॉबीत तो नको हेही तितकंच खरं आहे.

कारण लॉबीत आमचे वॉचमन काका बसतात. बारा तासांची पाळी, एक प्लॅस्टिकची खुर्ची, मागे मीटरची खोली, खिडकी नाही. रात्री जेवून खाली उतरणारे चार-पाच सभासद तिथेच उभे राहून ओढतात, पाऊस असला तर हमखास. काका खोकतात आणि उठून गेटवर जाऊन उभे राहतात, मग जागेवर नाहीत म्हणून त्यांच्याविरुद्ध तक्रार येते. ती तक्रार इतिवृत्तात आहे. खोकला नाही. सकाळी जिना झाडणाऱ्या मावशी थोटकं हातानं वेचतात, त्यांचंही नाव नाही. एवढ्या पानांच्या चर्चेत एकाही सभासदानं, बंदीच्या बाजूच्यांनीसुद्धा, या दोघांना काय वाटतं असं विचारलेलं नाही. बंदीवाले बोलले ते संस्कार, लहान मुलं आणि फ्लॅटच्या किमती यांवर.

म्हणून मी सेक्रेटरींना पत्र लिहिलं आहे. बाल्कनीचा भाग ठरावातून काढा असं त्यात म्हटलंय. आयर्लंडचा कायदाही राहत्या घराच्या उंबऱ्याशी थांबतो. इथे माझ्या शेजारच्या फ्लॅटमधला धूर माझ्या बेडरूममध्ये येतो, आणि त्यावर मी दार वाजवून विनंती करण्यापलीकडे काही करू शकत नाही. मित्राशीही आईनं किंवा मी तसंच बोलावं, ठराव करून नव्हे. पण लॉबी, जिना, लिफ्ट आणि पार्किंग या माझ्या मते सरळ सरळ कामाच्या जागा आहेत, तिथे सूट नको. कुंपणाजवळ, गेटच्या विरुद्ध टोकाला एक पत्र्याची शेड आणि वाळूची कुंडी ठेवा, खर्चातला माझा वाटा मी देतो. दंड लावायचा तर जो ओढेल त्याला लावा, आणि तो वसूल करायचं काम वॉचमन काकांच्या गळ्यात घालू नका. जो त्यांच्या पगारावर सही करतो त्याच सभासदाची पावती फाडायला त्यांना सांगणं अन्यायाचं आहे. ते काम कमिटीनं करावं.

पुढच्या सभेत पत्र वाचून दाखवायचं आईनं कबूल केलंय. सभेआधी काका आणि मावशी दोघांनाही आत बोलावून बसायला खुर्च्या द्या आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या, अशी विनंती मी पत्राच्या सुरुवातीलाच केली आहे. मित्रालाही प्रत पाठवली. त्याचं अजून उत्तर नाही, पण आईची पुढची तपासणी गुरुवारी आहे आणि तिला घेऊन तोच जाणार आहे.