पाच थाऊची फट

सकाळी डोळे उघडतायत तोवर मावसभावाचा मेसेज. विमानं बनवणाऱ्या अमेरिकन बोइंग कंपनीवरचा कसलासा लेख आणि वर स्वतःची टिप्पणी: "युनियनवाल्यांनी कारखाने खाल्ले." ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

दादा, तिथे उत्तर दिलं नाही. इथे देतोय.

माझे बाबा विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. नाव सांगत नाही. मी सातवीत असताना संप झाला. मिटला, सगळे कामावर गेले, आणि वर्षाच्या आत बाबांची लाइन उचलून दुसऱ्या राज्यात नेली. तुमच्या संपामुळे नेली, असं कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

बोइंगने वेगळं काय केलं? २००८ मध्ये सिएटलकडचे कामगार जवळपास दोन महिने संपावर होते. २००९ मध्ये जाहीर झालं, ७८७ विमानाची दुसरी लाइन साउथ कॅरोलिनात, जिथे युनियनचा त्रास नाही. जानेवारी २०१४ मध्ये सांगितलं, जुनी पेन्शन सोडा, नाहीतर ७७७एक्स हे नवं विमान दुसरीकडे बांधू. कामगारांनी काठावरच्या बहुमताने सोडली. याला वाटाघाट म्हणतात? पोटावर पाय ठेवून सही घेतली! आणि २०२१ मध्ये ७८७ची उरलेली जोडणीही तिकडेच गेली.

तो राग दहा वर्षं मुरला. २०२४ मध्ये ३३ हजार माणसं ५३ दिवस बाहेर बसली. चार वर्षांत ३८ टक्के पगारवाढ मिळाली. पेन्शन नाहीच मिळाली.

हो, संपात छोटे पुरवठादार भरडले जातात. युनियनचे पुढारीही काही संत नसतात. मान्य. पुढे.

लाइन हलवून दोन वर्षं झाली आणि त्याच कंपनीने बाबांना पंधरा दिवसांसाठी बोलावलं. तिकडच्या मुलांना शिकवायला! आई म्हणाली, "लाज नाही वाटत त्यांना? तुम्ही जाऊ नका." बाबा गेले. खिशात स्वतःचा फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, घेऊन गेले.

७८७च्या सांगाड्याच्या जोडांत पुढे जी भानगड निघाली ना, ती त्या गेजचीच. फट पाच थाऊच्या आत हवी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; पाच थाऊ म्हणजे साधारण कागदाची जाडी. ती जास्त निघाली. डिलिव्हरी वर्षाहून जास्त अडकली, ऑगस्ट २०२२ मध्ये सुटली. सगळा दोष तिथल्या कामगारांचा नव्हता, भाग जगभरातून येत होते. पण फट बोटाला कळायला वर्षं जातात, दादा. मशिनं ट्रकमध्ये चढतात. बोटं नाही चढत.

चिडून लिहायला बसलो होतो, आता बाबांचीच आठवण येतेय.

आठव्या दिवशीच दारात हजर. मी विचारलं, मुलं शिकत नव्हती का? म्हणाले, "छे, हुशार आहेत. जेवणाच्या सुट्टीत एकाने विचारलं, काका, तिकडे तुम्हाला पगार किती होता? मी सांगितला. संध्याकाळी साहेबांनी माझं परतीचं तिकीट हातात दिलं."