कोंबड्या मोकळ्या सोडायच्या त्या मेसेजबद्दल

परवा मीच ग्रुपवर टाकलेला मेसेज आता चार गावांत फिरायलाय, की वादळ आलं की कोंबड्या, शेळ्या, कुत्रं सगळं मोकळं सोडा, ते आपलं आपण वाचतंय. हे अर्धंच खरंय, चूक माझी.

दावं सोडायचं ते पुराचं पाणी चढायलं तर. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरात आपण बघितलंच की, बांधलेल्या जनावराला पळताच येत नाही. पण आपल्याकडचं एप्रिल-मेचं वादळ म्हणजे वारा, गारा अन् वीज, त्यात मोकळी कोंबडी झाडावर नायतर झाडाखाली जाऊन बसती, अन् वीज उंच झाडावरच पडायचा धोका जास्त, खाली उभ्या शेळ्याही जमिनीतून येणाऱ्या करंटनं मरतात.

म्हणून आभाळ भरलं की कोंबड्या खुराड्यात, कुत्रं घरात. खाली कोरडा भुसा टाका, भिजलेली पिल्लं गारठूनच जातात. पत्र्यावर नुसते दगड ठेवू नका (आमच्याकडं तेच उडाले होते), तारेनं आवळा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमधी टाका, जवळपास वीज पडायचा इशारा येतो.

जुना मेसेज डिलीट करा, पुढं पाठवला असंल तर तिथंबी हे टाका.