ममीपट बघायचाय? रिमोट भाच्याकडे द्या

जुने, स्वस्तातले ममीपट बघायचे असतील तर घरातल्या सर्वांत हुशार माणसाला शेजारी बसवा. परवा मी भाच्याला बसवलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळं कळतं.

'मामा, हे लोक पळत का नाहीत?' हे तुम्हीही विचाराच. एक पाय फरफटत, एक हात छातीशी आखडून खारिस, म्हणजे १९४० च्या दशकातल्या या चित्रपटांतली इजिप्शियन ममी, येतो, आणि धडधाकट माणूस कोपऱ्यात उभा राहून गळा पुढे करतो. ऐंशी वर्षांत हे कुणाला दिसलंच नव्हतं.

तारखा, नकाशा तपासा. १९४४ च्या एका चित्रपटात खारिस मॅसॅच्युसेट्सच्या दलदलीत बुडतो, त्याच वर्षीच्या पुढच्या भागात लुइझियानाच्या दलदलीतून निघतो. कथेत मध्ये पंचवीस वर्षं गेलेली, कपड्यांची फॅशन मात्र तीच.

ममीला जागं ठेवणाऱ्या काढ्यातली तानाची पानं मोजा. तीन घातली की हृदय चालतं, नऊ घातली की ममी. आजीच्या काढ्याचंही माप इतकं पक्कं नव्हतं.

'द ममीज टूम्ब'ची पहिली दहा-बारा मिनिटं आधीच्या भागातलीच उचललेली आहेत. चहा टाका.

आणि वेग दुप्पट करा. भाच्याने केलाच, तोही १९३२ च्या 'द ममी'ला. त्यात ममी झालेल्या बोरिस कार्लोफला पट्ट्या गुंडाळून रंगवायला मेकअपवाल्या जॅक पिअर्सने आठेक तास घालवले, आणि त्या अवतारात तो पडद्यावर दिसतो जेमतेम. पोरगेला संशोधक गुंडाळी उलगडून ओठातल्या ओठात वाचतोय. मागे शवपेटीत डोळा किलकिला होतो. छातीवरचा हात हळू, अगदी हळू खाली घसरतो. मग टेबलावर येऊन टेकलेला तो हात, पोराची किंकाळी, ते वेडं हसू, आणि दारातून बाहेर सरपटत जाणारं पट्टीचं टोक. बस. ममी चालताना दिसतसुद्धा नाही! दुप्पट वेगात हे सगळं एका जांभईत आटोपलं.

'मामा, यात काही होतच नाही.'

होत नाही? अरे गाढवा, तो हात घसरतो तेव्हा तू पुढे ढकलत होतास! खारिस सावकाश येतो म्हणूनच घाम फुटतो. धावत यायला तो काय लोकल पकडतोय? खर्चाच्या नावाने बोंब, कथेला बूड नाही, सगळं कबूल. पण तासाभराचा सिनेमा, तोही तुम्हाला बसून बघवत नाही? रील बघत रात्री दोन वाजवता ते चालतं!

रिमोट आण इकडे. आणि तो मोबाइल पालथा घाल.