बदलापूरकरांनी मेट्रोचं कौतुक कसं करावं

बदलापूर, टिटवाळा नाहीतर पार आसनगावला घर घेतलंय ना, मग आधी ते गाड्या वाढवा, ट्रॅक वाढवा असं रडगाणं बंद करा बघू, मुंबई शहराची इज्जत जाते. दादर-परळला घर घ्यायला कुणी हात धरला होता का तुमचा? इंटरनॅशनल शहरात माणसं जमिनीखालून एसीतून जातात. आरे ते कफ परेड ३३.५ किमी मेट्रो ऑक्टोबर २०२५ ला पूर्ण सुरू झाली, खर्च ३७ हजार कोटींच्या वर, आणि तुम्हाला त्याचं काहीच नाही! आता एखादा हिशोबी माणूस सांगेल की २०१६ ला मंजूर झालेला अख्खा एमयूटीपी ३, म्हणजे मुंबईच्या लोकलसाठीचा प्रकल्प, विरार-डहाणू चौपदरीकरण, पनवेल-कर्जत, ऐरोली-कळवा, वर नवीन गाड्या, हे सगळं धरून १०,९४७ कोटींचं होतं. अशा माणसाला ग्रुपमधून रिमूव्ह करा.

आणि जरा दम काढा हो. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन २००८ ला मंजूर झाली ती २०२२ ला सुरू झालीच ना, तेवढ्यात फक्त पोरगं नववीत गेलं. तुमची कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी तर २०१९ची, अजून तान्ही आहे.

तोवर सीट पाहिजे तर अंबरनाथवाल्यांसारखं रिटर्न करा, उलटं बदलापूरला जायचं आणि तीच गाडी आतून धरून बसायची, मग बदलापूरवाला डोक्यावर उभा राहून "रिटर्नवाले उठा" ओरडायला लागला की कानात इअरफोन आणि डोळे मिटून घ्यायचे, खांदा हलवला तरी उघडायचे नाहीत. अगदीच भांडण झालं तर तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवा, कुर्ल्यापर्यंत पाय बधिर होतो, मग कळत पण नाही.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारातली माणसं खाली पडली, जीव गेले, तर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा लगेच त्याच दिवशी झाली. दारं बंद झाल्यावर बाहेर लटकणारी माणसं कुठे मावणार, की प्लॅटफॉर्मवरच राहणार, असले फाटे आपण फोडायचे नाहीत.

मेट्रो मात्र एकदा बघाच. बायकापोरांना घेऊन रविवारी निघा, सीएसएमटीला उतरलात की खालीच स्टेशन आहे. फक्त रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा शनिवारीच निघालेलं बरं.